थोरलीची सही

सिंक बनवायच्या त्या जुन्या प्रेसला चार हात लागत. दोन थोरलीचे, दोन जावयाचे. मधे साचा, साच्यावर पत्रा, वर लटकलेला लोखंडाचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणं. बटणं एकमेकांपासून इतकी लांब, की एका हाताने दोन दाबू म्हटलं तर जमायचं नाही. चारही एकदम दाबली की ठोकळा खाली यायचा आणि सपाट पत्र्याचं भांडी घासायचं सिंक व्हायचं. एक जरी हात सुटला तरी ठोकळा जागच्या जागी थांबायचा. चारही हात बटणांवर आहेत म्हणजे एकही हात साच्यात नाही, इतका साधा हिशेब. ज्याने प्रेस बनवली त्याचा माणसाच्या अकलेवर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

कारखाना वडिलांचा. ते गेले तेव्हा तो दोन्ही मुलींच्या नावावर झाला, आणि विकायचा किंवा गहाण टाकायचा तर दोघींच्याही सह्या लागतील असं ते लिहून गेले. थोरलीने लग्न केलं नव्हतं. आता तरी दोनाचे चार हात कर म्हणून नातेवाईक मागे लागले की ती म्हणायची, दिवसभर दुसरं काय करते? आधी तिच्या समोर वडील उभे राहत, आता धाकटीचा नवरा राहायचा. हा पूर्वी पत्रा विकायला यायचा. वेळेवर यायचा, गोड बोलायचा, वजनात कधी मारायचा नाही. पत्रा देता देता धाकटीला घेऊन गेला. तेव्हापासून सगळा कारखाना त्याला जावई म्हणायचा. सगळा कारखाना म्हणजे तरी कोण? एक थोरली, आणि पलीकडच्या खोलीत पॉलिशच्या चाकावर बसणारा म्हातारा, ज्याला त्या चाकाच्या आवाजापायी ऐकू येईनासं होऊन जमाना झाला होता.

जावई कामाला वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. वाईट माणूस सगळ्यातच वाईट असता तर जगात फसायचं कोण? त्याचा हात बसलेला होता. पत्र्याला तेलाचा ब्रश फिरवून तो साच्याच्या कडेला पत्रा अडवणाऱ्या ठेपेला असा नेमका टेकवायचा की कोपऱ्याला सुरकुती म्हणून पडायची नाही. थोरली पलीकडून पत्र्याची दोन टोकं धरायची, हा अलीकडून, आणि दोघांचे हात एकाच वेळी मागे जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं की माणसं एकमेकांना ओळखतात असं आपल्याला वाटायला लागतं. थोरलीलाही वाटायचं.

मग त्याला शेअरचं वेड लागलं. बरोबरच्या कुणी तरी बसल्या जागी पैसे केले होते. जगात असा एक कुणी तरी नेहमीच असतो, आणि तो नेमका आपल्याच ओळखीचा निघतो. जावयाने स्वतःची थोडी शिल्लक घातली, ती फुगली, आणि फुगली म्हटल्यावर हा त्याहून जास्त फुगला. आता त्याला घामाच्या पैशाची लाज वाटायला लागली.

पहिल्यांदा विषय निघाला तो धाकटीच्या घरी, जेवणं झाल्यावर. तो म्हणाला, बँक नऊ टक्क्यांनी द्यायला तयार आहे आणि बाजार अठरा देतोय. मधले नऊ कुणाचे? आपले, आणि तेही बोट न हलवता. कारखाना नुसता उभा आहे, भिंतींनाही जरा कामाला लावू. धाकटीची सही तर घरचीच आहे, प्रश्न फक्त ताईंच्या सहीचा. बाजार पडला तर, असं थोरलीने विचारलं तेव्हा तो लहान मुलाकडे बघून हसावं तसा हसला. पडतो तो उठतोच म्हणाला.

"उठतो ना, कबूल," थोरली म्हणाली. "पण बाजाराला झोपायची मुभा असते. हप्त्याला नसते. तो महिन्याच्या महिन्याला दारात उभा. स्वतःचे पैसे आहेत ते घाला जावईबुवा, बुडाले तर आपले बुडाले. दुसऱ्याकडून आणून घालायचे नाहीत."

"अंथरूण पाहून पाय पसरत बसलात, म्हणून अजून एकाच प्रेसवर आहोत आपण."

"पाय उघडे पडले तर पडू देत. अंथरूण गहाण टाकून पांघरूण आणायचं नाही मला."

यावर तोही हसला. थोरलीला स्वतःचंच उत्तर इतकं आवडलं की घरी जाताना तिने ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. जिभेला धार असलेल्या माणसांचं हे असंच असतं. आपण बोललो ते कुणाच्या अंगावर पडणार आहे, हे बघायला ती थांबत नाहीत.

दोन दिवसांनी धाकटी कारखान्यात डबा द्यायला आली तेव्हा तिचं मनगट सुजून ढब्बू झालं होतं. म्हणाली, दारात सापडलं. थोरलीने तिला तेल लावून दिलं आणि दाराला शिव्या घातल्या. महिन्याभराने जावयाने पुन्हा सहीचा विषय काढला, थोरली पुन्हा नाही म्हणाली, आणि त्याच आठवड्यात धाकटीचा ओठ फाटला. या वेळी काय तर नळ. थोरली काही खुळी नव्हती. नळ ओठाला लागायचा तर माणसाने नळाशी बोलायला जावं लागतं. तिने धाकटीला मोरीत नेलं, कडी लावली आणि खरं काय ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. धाकटीने सांगितलं.

"तू नाही म्हणालीस ना, ताई."

एवढंच. त्यात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. भाव विचारला की दुकानदार सांगतो, तसं तिने सांगितलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण थोरलीने जन्मभर हसत हसत वापरली होती. त्यात ती जी कुणी भटीण आहे तिला किती लागलं असेल, हे तिच्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. शेअर अजून घेतलेले नव्हते, कर्ज अजून मिळालेलं नव्हतं, आणि नफ्याच्या नावाने ओठ फाटला होता.

थोरली तिला हाताला धरून पोलीस चौकीत घेऊन गेली. बाकावर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. टेबलामागच्या हवालदाराने काय झालं विचारलं तर धाकटी म्हणाली, पडले. कुठे पडलात? नळावर. हवालदाराने थोरलीकडे बघितलं, थोरलीने धाकटीकडे, आणि धाकटीने आपल्या चपलांकडे. बाहेर आल्यावर थोरली तिला नाही नाही ते बोलली. तुझ्यात पाणी नाही म्हणाली, आईने तुला लाडावून ठेवलं म्हणाली. धाकटी ऐकून घेत चालत राहिली. ऐकून घ्यायची तिला आता सवय झाली होती.

मग ती दुपार आली. थोरली साचा पुसत होती. जावई बाहेरून आला तो एकटा आला नाही, धाकटीला दंडाला धरून घेऊन आला. हातात बँकेचे कागद होते. ते त्याने प्रेसच्या कडेवर ठेवले, वर पेन ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, ताई, आज करता का सही? थोरली म्हणाली, आधी तिचा हात सोडा. त्याने हात सोडला आणि त्याच हाताने धाकटीच्या कानाखाली अशी वाजवली की ती कापून ठेवलेल्या पत्र्यांच्या थप्पीवर जाऊन आदळली. पत्र्याच्या कडा काय असतात ते पत्र्यात काम करणाऱ्याला विचारा. तिची भुवई मधोमध उघडली. रक्त तेलकट पत्र्यावर पडलं की पसरत नाही, थेंबाथेंबाने उभं राहतं. थोरलीला ते दिसलं आणि पुढचं तिला दिसलंच नाही.

साच्यात अडकलेलं सिंक सोडवायला लाकडी हातोडा असायचा. तो तिच्या हातात कधी आला तिला कळलं नाही. तिने जावयाच्या खांद्यावर पहिला घाव घातला तो सगळं अंग घालून. जावई कळवळला. पण तो थोरलीवर धावून आला नाही. त्याने वळून धाकटीला लाथ घातली, कमरेत. थोरलीने दुसरा घातला, पाठीवर. त्याने धाकटीचे केस धरून तिचं डोकं थप्पीवर आपटलं. तिसरा घाव त्याच्या दंडावर बसला, आणि त्याने धाकटीच्या पोटात बूट घातला. तेव्हा कुठे थोरलीच्या ध्यानात आलं की तिचा एकेक फटका तो व्याजासकट धाकटीला पोचवतोय. ती त्याला मारत नव्हतीच. हातोडा तिच्या हातात होता आणि मार बहिणीला बसत होता. पलीकडे पॉलिशचं चाक गरगरत होतं आणि म्हातारा त्याच्यासमोर मान खाली घालून आपलं सिंक चकचकीत करत होता.

"थांबा," थोरली म्हणाली. "करते सही."

तिने हातोडा खाली टाकला. पेन उचलून सही केली, आणि तिची स्वतःची सही तिलाच ओळखू आली नाही. जावयाने कागद उचलले, फुंकर मारून शाई वाळवली आणि खांदा चोळत म्हणाला, एवढं सगळं करायला लावलंत, ताई. पहिल्याच दिवशी केली असती तर? आणि खरं सांगायचं तर थोरलीलाही त्या क्षणी तेच वाटलं. पहिल्याच दिवशी केली असती तर. मार खाणाऱ्यालाच नाही, तर मार बघणाऱ्यालाही कधी कधी मारणाऱ्याचंच पटायला लागतं. हा त्यातला सगळ्यात घाण भाग आहे.

बँकेत मोठ्या हसऱ्या चेहऱ्याचा अधिकारी होता. धाकटीच्या भुवईवरच्या टाक्यांकडे त्याने बघितलं नाही, किंवा बघून बघितलं नाही. सगळं कायदेशीर आहे ना, दोघी मालकिणी राजीखुशीने आल्या आहेत ना, असं त्याने विचारलं, कारण विचारायचा नियम होता. दोघी हो म्हणाल्या. थोरलीने मनाशी एकच हिशेब धरला होता. कारखाना गेला तर गेला. वडील काही बघायला येणार नाहीत. कर्ज काढून तिने शेअर घेतले नव्हते, बहिणीची हाडं घेतली होती, आणि तेवढ्या किमतीला ती स्वस्तच पडली.

आणि गंमत बघा, बाजार चढला. थोरलीने पडेल म्हणून सांगितलं होतं, तो तिच्या नाकावर टिच्चून चढला. हप्ता जाऊन वर पैसे उरायला लागले. जावयाने नवा कोट शिवला, धाकटीला कानातलं आणलं, म्हाताऱ्याला उगाच बक्षीस दिलं. म्हाताऱ्याला ते कशाचं हे शेवटपर्यंत कळलं नाही. धाकटीच्या अंगावरचे डाग पिवळे पडून गेले. एकदा तर ती कारखान्यात येऊन मोठ्याने हसली. थोरलीने ऐकलं आणि तिला वाटलं, होऊ दे कर्ज, फेडू आयुष्यभर.

फक्त एक नवीन सवय जावयाला लागली. बाजार चालू असायचा त्याच वेळात प्रेसही चालू असायची, आणि माणसाला हात दोनच. मोबाइल धरायचा तर बटणं कशी दाबायची? मग त्याने एक दिवस लाकडाच्या दोन पाचरी तासून आणल्या आणि आपल्या बाजूच्या दोन्ही बटणांवर कायमच्या ठोकून दिल्या. आता त्याची बटणं दाबलेलीच. थोरलीने तिची दोन दाबली की ठोकळा खाली. हा डाव्या हाताने मोबाइल धरायचा, उजव्या हाताने पत्रा ठेपेला टेकवायचा, हात बाहेर काढायचा, की थोरलीने दाबायचं.

पहिल्या दिवशी तिने पाचरी उपटून भंगारात फेकल्या. म्हणाली, उद्या हात जाईल तुमचा. तो म्हणाला, तुमची नजर आहे ना माझ्या हातावर, मग कशाला जातोय? त्याने नव्या तासल्या. तिने पुन्हा काही उपटल्या नाहीत. एकदा मान तुकवली की पुढच्या वेळी मानेला काही वाटत नाही. आणि त्याला भीती कशी वाटली नाही म्हणाल, तर ज्या माणसाचा नकार आपण मोडून काढला त्याचे हातही आपलेच झाले, असं त्याला वाटत असावं. दिवसातून शंभर वेळा तो आपला उजवा हात त्या ठोकळ्याखाली घालायचा आणि डोळे मोबाइलमध्ये. तेवढा विश्वास त्याने बायकोवर कधी टाकला नाही.

मग धाकटी यायची बंद झाली. जावई म्हणाला, सर्दी आहे. दुसऱ्या दिवशीही सर्दीच होती. तिसऱ्या दिवशी तो मालाच्या पैशांसाठी बाहेर गेला, तशी थोरली प्रेस बंद करून बहिणीच्या घरी गेली. दार उघडंच होतं. धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कणीक मळत होती, एका हाताने. दुसरा तिने पोटाशी धरला होता. डावा डोळा बंद झालेला, आणि जबडा एका बाजूने इतका सुजलेला की ती बोलायला लागली तर शब्द एका कडेनेच बाहेर आले.

थोरली तिच्यासमोर बसली. तिने परात बाजूला सरकवली. विचारलं ते भलतंच.

"बाजार तर वर आहे ना गं?"

"खूप वर आहे," धाकटी म्हणाली. "म्हणून तर यांचे मित्र आले होते. ग्लास बाहेर काढले, आणि घरात बर्फ नव्हता."

थोरली ऐकत राहिली. पुढे आणखी काही असेल, असं तिला वाटलं. पुढे काही नव्हतं. बर्फ नव्हता, इतकंच होतं. मित्र गेल्यावर त्याने दार लावून घेतलं होतं, आणि सगळा वेळ एकच म्हणत होता की माझ्या आनंदाच्या दिवशी तू माझी शोभा केलीस.

तिथे, त्या परातीशी बसून, थोरलीला कळलं की सहीचा आणि याचा कधीच संबंध नव्हता. सही नव्हती तेव्हा सहीसाठी, सही झाली तर बर्फासाठी. बाजार पडला असता तर पडला म्हणून मारलं असतं. चढला तर चढला म्हणून मारलं. तिने कारखाना गहाण टाकून जे विकत घेतलं होतं ते त्याच्या दुकानात विकायला नव्हतंच. तिला राग आला तो आधी स्वतःचा आला, आणि तो सरळ खाली पायांपर्यंत गेला. तिने धाकटीला म्हटलं, चल माझ्याकडे, आत्ता. धाकटीने मानेनेच नाही सांगितलं आणि चांगल्या हाताने परात पुन्हा पुढे ओढली. संध्याकाळी हे येतील, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली नेहमीसारखी कामावर आली. तिने ठोकळ्याला तेल दिलं, पट्टा तपासला. ती काही ठरवून आली होती असं म्हणावं तर तसंही नव्हतं, आणि नव्हती ठरवून आली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जावई खुशीत होता. पाचरी जागेवर होत्या. पहिले काही पत्रे नीट गेले. बाजार उघडला तसा त्याने मोबाइल डाव्या हातात घेतला आणि अंगठ्याने वरखाली करायला लागला. म्हाताऱ्याचं चाक पलीकडे सुरू झालं.

नवा पत्रा दोघांनी साच्यावर घेतला. जावयाचा उजवा हात ठेपेपाशी आत गेला. पत्रा केसभर तिरका होता, त्याने तळव्याने तो दाबून धरला आणि डोळे मोबाइलवर ठेवूनच बोटांनी चाचपायला लागला. थोरलीचे दोन्ही हात बटणांवर होते.

"धाकटीला का मारलंत?" तिने विचारलं.

त्याने वर बघितलं नाही. चिडलाही नाही. दुकान बंद झाल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो म्हणाला, "ताई, तुमची सही झाली. आता हा विषय तुमचा नाही."

थोरलीने दाबलं.

ठोकळा नेहमीच्याच आवाजाने खाली आला. आवाजात काही फरक नव्हता, हे तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. लोखंडाला हाड आणि पत्रा यांत फारसा भेद कळत नाही. जावई लगेच ओरडलाच नाही. त्याने आधी वर बघितलं, थोरलीकडे, आणि त्याच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं, जणू त्याच्याच हाताने त्याला मारलं होतं. मग तो ओरडला. असा ओरडला की पलीकडच्या बहिऱ्या म्हाताऱ्यानेही चाक थांबवलं.

थोरलीने बटणं सोडली नाहीत. एक क्षण ती तशीच दाबून उभी राहिली, आणि त्या एका क्षणात तिला जे वाटलं ते सुख होतं. उगाच दुसरं काही नाव द्यायला नको. मनगटापासून डोक्यापर्यंत चढलेलं, उघडं, आडदांड सुख. मग ते गेलं. तिने ठोकळा वर घेतला. साच्यात, ठेपेच्या बाजूला, जे उरलं होतं ते हात म्हणून ओळखू येणार नव्हतं. सिंक मात्र अर्धं झालं होतं. तिने पुसायचं फडकं त्याच्या कोपराखाली करकचून आवळलं, काठी घालून पिळलं, आणि म्हाताऱ्याला खुणेने गाडी आणायला पिटाळलं. गाडी येईपर्यंत तिने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. तो सारखा पाणी मागत होता आणि ती पाजत होती.

चौकशीला कारखाने तपासणारा साहेब आला. त्याने पाचरी बघितल्या, बोटाने हलवून बघितल्या आणि कपाळाला हात लावला. या कुणी ठोकल्या, त्याने विचारलं. थोरली म्हणाली, त्यांनीच. का ठोकल्या? मोबाइल बघायला. बटणं कुणी दाबली? मी. साहेबाने ते लिहून घेतलं. जाणूनबुजून दाबली का, असं त्याने विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगायचं ते थोरलीने तयार ठेवलं होतं. खरंच सांगणार होती. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण होऊन द्यावं इतकी ती सत्यवादी नव्हती. जावयाने दवाखान्यात पडल्या पडल्या सगळ्यांना सांगितलं की हिने मुद्दाम केलं. डॉक्टर म्हणाले, औषधांमुळे माणसं असं बडबडतात.

प्रेसला सील लागलं. सिंक बंद, तर हप्ता कुठून? आणि मग बाजार पडला. आधी पडला असता तर थोरली म्हणाली असती, बघा मी सांगत होते. आता तिला ते म्हणायचंही उरलं नव्हतं. जावयाने शेअर तारण ठेवून त्यावर आणखी उचल घेतली होती, हे तेव्हा बाहेर आलं. शेअर उचल देणाऱ्याने विकून टाकले, राहिलेल्यासाठी बँकेने कारखान्याला कुलूप लावलं. थोरलीने एका पत्र्याच्या कारखान्यात रोजावर काम धरलं. वडिलांची जागा गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण जितकं वाटेल असं वाटलं होतं तितकं नाही. तिने तोटा मान्य करून टाकला होता, कारण बदल्यात काय मिळालं ते तिला माहीत होतं. तो उजवा हात आता कुणाच्याही कानाखाली वाजणार नव्हता.

बरेच दिवस ती धाकटीकडे गेली नाही. हिला दारात उभं करू नकोस असं जावयाने धाकटीला बजावलं होतं. एका रविवारी तो आतल्या खोलीत झोपला आहे असा धाकटीचा निरोप आला, तशी ती गेली. धाकटीने तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला. ती बारीक झाली होती. नवऱ्याचं सगळं तिलाच करावं लागत होतं. अंघोळ घालायची, बटणं लावायची, घास भरवायचा. तो चिडचिड करतो म्हणाली, स्वाभाविक आहे म्हणाली, एवढा धडधाकट माणूस.

"ताई, मला माहीत आहे," ती एकाएकी म्हणाली. चहा गाळता गाळता, मागे न बघता. "तू दाबलंस ते. मी कुणाला बोलले नाही."

थोरलीने बहिणीचा हात धरला आणि स्वतःकडे ओढला. बाही वर सरकली. दंडावर निळे डाग होते. जुने नव्हते.

धाकटीने बाही खाली ओढली. तिच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि थोरलीची समजूत काढायची घाईही होती, पडलेल्या मुलाला काही झालं नाही, काही झालं नाही म्हणतात ना, तशी.

"आता फार लागत नाही गं," ती म्हणाली. "डाव्या हाताला अजून सवय नाही त्यांच्या."

चहा गार होत होता. आतून जावयाने हाक मारली, आणि धाकटी उठून गेली.